सिनेटचा रकाना कोरा सोडणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ मित्रांनी लिहिलं, "अर्ली व्होटिंग करून आलो. वरचं, अध्यक्षपदाचं मत दिलं, स्कूल बोर्डाचं दिलं, सिनेटचा रकाना कोरा सोडला. होगनला माझं मत नाही म्हणजे नाही." खाली धडाधड अंगठे पडले. दोघातिघांनी "आम्हीही तेच करणार" असंही लिहून टाकलं. मी त्यांना दादा म्हणते, या देशात आलो तेव्हा आम्हाला पहिला आधार त्यांचाच होता, म्हणून तिथे काही बोलले नाही. पण दिवसभर डोक्यातून जाईना. म्हणून इथे लिहिते आहे. लांबलचक होईल, चालवून घ्या.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. इथे नोंदणी केलेले डेमोक्रॅट आम्हा रिपब्लिकनांच्या दुप्पट आहेत. इथून सिनेटवर शेवटचा रिपब्लिकन निवडून आला तो १९८० साली, चार्ल्स मथायस, आणि तेही मवाळच होते. यंदा, म्हणजे २०२४ ला, इथले डेमोक्रॅट सिनेटर बेन कार्डिन निवृत्त होत आहेत, जागा मोकळी आहे, आणि आमच्या पक्षाकडून लॅरी होगन उभे आहेत. आठ वर्षं गव्हर्नर होते. २०१४ ला निवडून आले तेव्हा कुणाचा विश्वास बसला नव्हता. २०१८ ला पुन्हा आले. त्याआधी रिपब्लिकन गव्हर्नर दुसऱ्यांदा निवडून आला होता तो थेट १९५४ साली.

आता, होगनवर राग आहे म्हणता? मलाही आहे. उलट तुमच्यापेक्षा जास्तच असेल. २०१६ ला या गृहस्थांनी पक्षाच्या उमेदवाराला मत न देता मतपत्रिकेवर स्वतःच्या वडिलांचं नाव लिहिलं. २०२० ला रोनाल्ड रेगन यांचं लिहिलं, म्हणजे जो माणूस २००४ मध्येच गेला त्याचं. २०२२ ला डॅन कॉक्स यांनी गव्हर्नरपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, रीतसर जिंकली, तेव्हा होगन यांनी साथ तर दिली नाहीच, वर जाहीरपणे त्यांना नको नको ते बोलले. आणि सगळ्यात लागलेली गोष्ट ही की २०२२ मध्ये गर्भपाताची मोकळीक वाढवणाऱ्या विधेयकावर व्हेटो वापरणारा हाच माणूस यंदा मे महिन्यात प्रायमरी खिशात पडल्याबरोबर "मी प्रो-चॉइस आहे, रो (गर्भपाताचा हक्क देणारा जुना निकाल) पुन्हा कायद्यात आणीन" असं सांगत सुटला. मी ते वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आमची मतं मिळाली, आता आमची गरज संपली, असंच ते वाटलं.

हे सगळं मनात ठेवून मी त्यांनाच मत देणार आहे. आणि तुम्हीही द्यावं असं माझं म्हणणं आहे.

का, ते सांगायला मला रॉकव्हिलला जावं लागेल. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही पालक मॉन्टगोमेरी काउंटीच्या शाळाखात्याच्या इमारतीबाहेर उभे होतो, आठवतंय ना? प्राथमिक शाळेत लिंगभावाबद्दलची गोष्टीची पुस्तकं आणली, आधी पालकांना कळवून मुलाला बाहेर बसवायची मुभा होती, मार्च २०२३ मध्ये ती काढून घेतली. मी माझ्या लेकीसाठी गेले होते. एरवी कुठल्या मोर्चात न गेलेली बाई मी. आजूबाजूला बघितलं तर मुसलमान कुटुंबंच्या कुटुंबं आलेली, आणि पांढऱ्या शालीतल्या इथिओपियन ऑर्थोडॉक्स बायका. त्यातली एक माझ्या शेजारीच उभी होती. रात्रपाळी करून थेट आलेली, डोळे लाल. आम्ही दोघींनी एकच फलक धरला होता, कारण तिच्याकडे नव्हता आणि माझा हात भरून आला होता.

बोलता बोलता मी विचारलं, तुम्ही मत कुणाला देता? म्हणाली, डेमोक्रॅट्सना, नेहमीच. फक्त होगनला दोनदा दिलं.

म्हटलं, मग गेल्या वर्षी?

ती म्हणाली, "गेल्या वर्षी तुम्ही ज्याला उभं केलंत त्याचं बोलणं ऐकून मला भीती वाटली. मी डेमोक्रॅट वेस मूरना दिलं."

या बाईची मूल्यं तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळी आहेत का सांगा. ती दर रविवारी चर्चमध्ये जाते, उपास करते, तिच्या मुलाला काय शिकवायचं ते तिला स्वतः ठरवायचं आहे, रांगेत उभं राहून कायद्याने या देशात आली आहे. आणि ती आपल्याला मत देत नाही! आपल्या पक्षातल्या एकाच माणसाला देते, आणि नेमक्या त्याच माणसाचा रकाना आपण कोरा सोडायला निघालो आहोत.

त्या मोर्चाचं पुढे काय झालं तेही ग्रुपवर कुणी बोलत नाही. पालक कोर्टात गेले. या मे महिन्यात रिचमंडच्या चौथ्या सर्किट कोर्टाने, म्हणजे केंद्रीय अपील कोर्टाने, निकाल दिला, पालकांच्या विरुद्ध, दोनास एक. दोनास एक! एक न्यायाधीश इकडचा तिकडे असता तर माझी लेक आज त्या तासाला लायब्ररीत बसली असती. त्या दोघांतल्या एक न्यायाधीश बायडेन यांनी नेमलेल्या. त्यांची नेमणूक मंजूर कुणी केली? सिनेटने. विरोधात मत लिहिणारे ट्रम्प यांनी नेमलेले. त्यांची मंजुरी कुणाच्या बहुमतात झाली? आपल्या. आता कुणीतरी खाली लिहीलच, म्हणून आधीच मान्य करते की मुख्य निकाल लिहिणारे न्यायाधीश धाकट्या बुश यांनी नेमलेले होते. असतात असेही. पण म्हणून सगळी नेमणूकच समोरच्याच्या हातात द्यायची?

सिनेटमध्ये आज, ऑक्टोबर २०२४ मध्ये, डेमोक्रॅट ५१, आपण ४९. होगन तिथे जाऊन दहातल्या चार वेळा आपल्याला चीड आणतील, मला माहीत आहे. पण पहिल्याच दिवशी ते बहुमताच्या आकड्यात आपल्या बाजूला मोजले जातील. त्या आकड्यावर ठरतं न्यायसमितीचं अध्यक्षपद कुणाकडे, कोणतं नाव मतदानाला येणार आणि कोणतं कपाटात पडून राहणार. आणि होगनसमोरच्या डेमोक्रॅट उमेदवार ऑल्सोब्रुक्स बाई तर फिलिबस्टर (६० मतं नसतील तर विधेयक अडवून धरायची सिनेटची रीत) मोडायला तयारच आहेत, होगन त्याला विरोध करतात. म्हणजे ६० मतांची जी शेवटची आडकाठी आहे तीही गेली की मग बसा आपण आपली तत्त्वं कुरवाळत.

हे वाक्य जरा कडक झालं. राहू दे.

लांब जायला नको, शेजारची राज्यं बघा. डेलावेअर, २०१०. बायडेन यांचीच जुनी जागा. माइक कॅसल उभे होते, माजी गव्हर्नर, मवाळ, सहज निवडून आले असते. आपल्या लोकांनी प्रायमरीत त्यांना पाडून क्रिस्टिन ओडॉनेल यांना आणलं. अगदी शुद्ध उमेदवार. त्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या फरकाने हरल्या, आणि डेमोक्रॅट क्रिस कून्स तिथे जे जाऊन बसले ते आज चौदा वर्षं बसलेले आहेत. त्या शुद्धतेने कून्स यांचं एक तरी मत आपल्याकडे वळलं का?

पेन्सिल्व्हेनियाचं उदाहरण दादा देणार, मला ठाऊक आहे. दरवेळी देतात. २००४ च्या प्रायमरीत आपले मवाळ सिनेटर आर्लन स्पेक्टर यांना बुश यांनी स्वतः पाठिंबा देऊन वाचवलं, समोरचे कडक पॅट टूमी ५१-४९ असे थोडक्यात हरले, आणि २००९ मध्ये स्पेक्टर टुणकन डेमोक्रॅट झाले. त्याच डिसेंबरात ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा, सिनेटमधून बरोबर ६० मतांनी पार झालं, त्यातलं एक यांचं. हो, हा घाव खरा आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की पेन्सिल्व्हेनियात टूमी निवडून येण्यासारखे होते आणि २०१० ला आलेही. मेरीलँडमध्ये आपला टूमी कोण, ते मला दाखवा. मी स्वतः त्याच्यासाठी दारोदार फिरेन.

आणि वेस्ट व्हर्जिनियाकडे बघा, म्हणजे समोरचे कसे वागतात ते कळेल. ज्या राज्यात ट्रम्प यांना २०२० ला ६८ टक्के मतं पडली तिथे डेमोक्रॅट्सनी आपले मवाळ सिनेटर जो मॅन्चिन यांना वर्षानुवर्षं सांभाळलं. मॅन्चिन यांनी त्यांना किती छळलं! बायडेन यांचं मोठं विधेयक २०२१ च्या डिसेंबरात एकट्याच्या जोरावर बुडवलं. त्यांच्या लोकांनी शिव्या घातल्या, पण जागा गमावली नाही. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ५१-५० ने जे विधेयक पार झालं ते त्याच मॅन्चिन यांच्या मताने. ते लोक घरात भांडतात आणि मत द्यायला एकत्र जातात. आपण उलटं करतो.

मला त्या इथिओपियन बाईचा चेहरा सारखा आठवतो आहे. त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, पुढच्या वेळी आम्ही चांगला माणूस देऊ. का म्हटलं कोण जाणे, माझ्या हातात काय होतं? पण यंदा तिने ज्याला दोनदा मत दिलं तोच उभा आहे. ती तिसऱ्यांदा देईलही कदाचित. आणि मग मोजणी होईल तेव्हा आपलं मत त्या पेटीत नसेल. तिने आपला पक्ष सोडून आपल्याकडे यायचं, आणि आपण आपल्याच घरात रुसून बसायचं.

दादा, तुम्ही हे वाचाल. तुम्ही कोरा का सोडलात ते मला कळतं. जन्माला न आलेल्या जिवाचा प्रश्न तुमच्यासाठी राजकारणाचा नाहीच, तो तुमच्या देवाचा प्रश्न आहे. रो कायद्यात आणीन म्हणणाऱ्याच्या नावापुढचा गोल काळा करताना तुमचा हात थांबला. मला तुमच्याबद्दल आदरच आहे, आणि मी तुम्हाला यात खोटं ठरवू शकत नाही. माझाही हात थांबणार आहे. पण त्याच प्रश्नावर ऑल्सोब्रुक्स कुठे उभ्या आहेत? दोघंही त्या बाबतीत आपले नाहीत. मग ज्या बाबतीत एक जण आपला आहे, निदान अर्धा तरी आपला आहे, तिथे तरी त्याला धरावं ना? करांच्या बाबतीत आहे. २०१५ ला बाल्टिमोर पेटलं तेव्हा नॅशनल गार्ड बोलावणारा हाच होता. बे ब्रिजचा टोल ६ डॉलरवरून ४ वर आणणारा हाच. समोरच्या पक्षाची विधिमंडळात भक्कम बहुमतं असताना आठ वर्षं त्याने व्हेटो वापरून वापरून बांध घातला.

ज्यांच्यावर मला खरंच राग आहे ते दादा नाहीत. ते तिघं आहेत ज्यांनी लिहिलं, "हरू दे त्याला, म्हणजे पक्षाला धडा मिळेल." धडा? २०२२ ला दिला की आपण धडा. होगन यांनी पुढे केलेल्या केली शुल्झ यांना प्रायमरीत पाडलं. त्यात डेमोक्रॅटिक गव्हर्नर्स असोसिएशनने कॉक्स यांचं नाव वाजवणाऱ्या जाहिरातींवर दहा लाख डॉलरपेक्षा जास्त ओतले होते, कारण त्यांना हवा तो प्रतिस्पर्धी कोण हे त्यांना पक्कं माहीत होतं. नोव्हेंबरात वेस मूर यांना ६४ टक्क्यांच्या वर आणि आपल्याला ३२. कोण काय शिकलं त्यातून? गव्हर्नर त्यांचा, विधिमंडळ त्यांचं, व्हेटो करणारा कुणी उरला नाही. आणि वर्षाच्या आत रॉकव्हिलला फलक धरून आपण उन्हात उभे. मला तर त्या उन्हात शिकायला मिळालं की हरलेल्याचं कुणी ऐकून घेत नाही. आत खुर्चीवर बसलेल्यांनी खिडकीतून बघितलंसुद्धा नाही.

होगन निवडून येतील का? ऑल्सोब्रुक्स पुढे आहेत असं सगळे म्हणतात, आणि अध्यक्षपदासाठी हॅरिस इथे मोठ्या फरकाने जिंकणार यात शंका नाही. त्यांना मत देणाऱ्या लाखो लोकांनी सिनेटसाठी पक्ष बदलला तरच होगन येतात. म्हणजे कठीणच आहे. पण ते अवघड काम त्या बाईसारख्या लोकांचं आहे. आपलं काम सोपं आहे आणि तेच आपण करत नाही, याचा मला संताप येतो. ट्रम्प यांनी, ज्यांना होगन यांनी कधीच मत दिलं नाही त्यांनी, जूनमध्ये सांगितलं की होगन जिंकावेत असं मला वाटतं. त्यांनी गिळलं. आपल्याला काय होतं?

कमेंटमध्ये "तू मवाळ झालीस" असं लिहिणाऱ्यांना एवढंच सांगते, माझ्या लेकीच्या वर्गात काय वाचलं जातं ते माझ्यासमोर ठेवा आणि मग मला मवाळ म्हणा. जून २०२६ ची प्रायमरी येईल तेव्हा होगनपेक्षा कडक आणि निवडून येणारा माणूस शोधायला मी सगळ्यात पुढे असेन. ती वेळ प्रायमरीची असते. आता ऑक्टोबर संपत आला आहे आणि मतपत्रिकेवर जी नावं आहेत तीच आहेत.

अर्ली व्होटिंग ३१ तारखेपर्यंत आहे, सकाळी ७ ते रात्री ८, रविवारीही. मी या रविवारी दुपारी जाते आहे. ज्यांनी अजून मत दिलेलं नाही आणि ज्यांना गाडी हवी आहे त्यांनी मला फोन करा, मेसेज नको. वाटेत भांडायचं असेल तरी चालेल, फक्त मत देऊन परत या. आणि जे ५ नोव्हेंबरलाच जाणार आहेत त्यांनी निदान तोवर रोज एकदा ती २-१ ची गोष्ट आठवा.