लेखात राहून गेलेली चित्रीकरणाची बाजू

अमेरिकी टीव्ही-निर्माते नॉर्मन लिअर यांच्यावरच्या एका लेखात १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या 'ऑल इन द फॅमिली' या विनोदी मालिकेच्या वादांवर भर आहे, पण त्यांची खरी कारागिरी चित्रीकरणात होती. एकच भाग प्रेक्षकांसमोर दोनदा, अनेक कॅमेऱ्यांनी व्हिडिओटेपवर घ्यायचे आणि दोन्हींतले उत्तम तुकडे जोडायचे. पहिल्या प्रयोगात विनोद पडला तर दुसऱ्याआधी ओळ सुधारायला वाव असतो. शिवाय नटाला हशा ओसरेपर्यंत थांबावं लागतं; घाई केली की पुढचं वाक्य हशात बुडतं, फार थांबला की प्रसंगच थंड पडतो. आर्ची बंकर या मुख्य पात्राच्या भूमिकेत कॅरोल ओकॉनर तो वेळ नुसत्या चेहऱ्यावर पेलायचे, आणि कॅमेरा तिथेच रेंगाळायचा. मालिका टिकली ती यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.