अवकाशयानातले संस्कृत: एका फिरत्या दाव्याची तपासणी

हजारो वर्षांनंतरच्या विज्ञानकथेत अवकाशप्रवाशांची भाषा संस्कृतच दाखवावी, असे सांगणारा मजकूर बराच फिरतो आहे. त्यात तीन कारणे दिलेली असतात: अवकाशात संदेशातील शब्द उलटसुलट होतात, पण संस्कृतात त्याने अर्थ बिघडत नाही, नासाने ही भाषा संगणकासाठी सर्वोत्तम ठरवली आहे, आणि ती कधी बदललेलीच नाही.

पहिल्या कारणात तथ्य नाही. यानाचा संदेश शून्य आणि एक या अंकांच्या रूपाने जातो. गोंगाटामुळे बिघडतात ते हे अंक, आणि ते सुधारता यावेत म्हणून रीड-सॉलोमनसारख्या संकेतपद्धतींत जादा अंक जोडलेले असतात. शब्दांचा क्रम आपोआप फिरत नाही. उलट अक्षरेच बिघडू लागली, तर संस्कृताची पंचाईत होईल: ‘रामः रावणं हन्ति’ यात कर्ता विसर्गाने आणि कर्म अनुस्वाराने कळते, त्यांची अदलाबदल झाली, की रावणच रामाला मारतो.

नासाचे म्हणाल, तर १९८५ साली ‘एआय मॅगझिन’मध्ये तिच्या एम्स केंद्रातील रिक ब्रिग्ज यांचा लेख आला होता आणि संस्कृत वैयाकरणांचे वाक्यविश्लेषण व संगणकातील ज्ञानाची मांडणी यांतील साम्य त्यात दाखवले होते. लेख वाचण्याजोगा आहे, पण तो संस्थेचा ठराव नव्हे. संस्थेने प्रत्यक्षात काय पाठवले ते पाहायचे, तर १९७७च्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत ५५ भाषांतील अभिवादने आहेत. त्यांत सुमेरियन आहे, अक्कडियन आहे, आपली मराठीही आहे, संस्कृत मात्र नाही.

तिसरे कारण अर्धसत्य आहे, आणि कथाकाराच्या खऱ्या उपयोगाचे तेच. वेदांतील लेट् लकार (इच्छा, शक्यता वगैरे सांगणारे क्रियापदाचे रूप) पुढच्या संस्कृतात उरला नाही, उदात्त-अनुदात्त म्हणजे चढ-उताराचे स्वर बोलण्यातून गेले, आणि व्याकरणकार पाणिनीलाही कित्येक नियम ‘छन्दसि’, म्हणजे ‘वेदांत’, म्हणून वेगळे सांगावे लागले. भाषा बदलतच होती. टिकली ती संहिता, म्हणजे वेदांचा मूळ पाठ, कारण ती टिकवण्याची यंत्रणा होती. पाठांतराच्या जटापाठ या पद्धतीत दोन पदे आधी सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ म्हणतात, घनपाठात ही गुंफण आणखी वाढते, आणि त्यामुळे एखादे पद गळले तर लगेच पकडले जाते. (वर सांगितलेल्या जादा अंकांचे कामही हेच.) म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या यानावर सगळे आपसांत संस्कृत बोलतात असे दाखवण्यापेक्षा, आपल्याला ओळखूही न येणारी बोली घरात बोलणारी मुले प्राणवायूच्या यंत्राची दुरुस्ती सांगणारे संस्कृत सूत्र, अर्थ न कळताही, घनपाठाने स्वरांसकट घोकतात असे दाखवले, तर मला ते कितीतरी अधिक पटेल. कथेचा पेचही तिथेच सापडतो: सूत्र अक्षरशः शाबूत आहे, पण ते ज्या यंत्रासाठी रचले होते, ते यंत्र मधल्या काळात बदलून गेले आहे.