पुढचा ब्रेक उजव्या हाताला

कोल्हापुरात डोंगर चढण्याची हौस स्वस्तात भागते. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे, जोतिबाचा डोंगर वाटेतच डोकावतो आणि पोटात सकाळची मिसळ असली की चढाचे फारसे काही वाटत नाही. महाग पडते ते उतरणे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आणि पन्हाळा जवळजवळ ९७५ मीटरवर, म्हणजे परतीच्या वाटेवर सव्वाचारशे मीटर उंची कुठेतरी जिरवावी लागते. मी आणि सायकल मिळून ९७ किलो भरतो. (त्यात सायकलचा वाटा मोठा असावा, असे मी घरी सांगतो.) एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली आणायचे म्हणजे सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जेचा निकाल लावणे आले, आणि वाऱ्याने व टायरांनी काहीच हातभार लावला नाही असे धरले, तर शिवाजी पुलापर्यंत पोहोचताना माझ्या दोन ब्रेकांवर सव्वा लिटर पाणी उकळून चाळीतल्या दोन बिऱ्हाडांचा चहा होईल. हे गणित मी एका रविवारी हिशेबाच्या वहीत मांडले आणि तेव्हापासून ब्रेक या विषयाने माझ्या डोक्यात ठाण मांडले.

माझ्या सायकलला डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्याशी बसवलेली धातूची तबकडी दोन पॅडांमध्ये दाबून धरणारे ब्रेक, पहिल्यापासूनच होते, पण ते तारेवर चालणारे. यात लिव्हर दाबला की तार ओढली जाते आणि कॅलिपरमधला, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यातला, एकच पॅड पुढे सरकतो. दुसरा पॅड जागचा हलत नाही. सरकणारा पॅड बिचाऱ्या डिस्कलाच वाकवून त्या स्थितप्रज्ञ पॅडवर नेऊन टेकवतो आणि मग कुठे ब्रेक लागतो. पॅड झिजले की अॅलन की घेऊन आपणच त्यांना पुन्हा जवळ आणायचे. तार ताणली गेली की तीही आपणच आवळायची. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर सांडलेला चिखल तारेच्या कव्हरात शिरला, की लिव्हर दाबायला कुस्तीतली पकड लागते. शिवाय आवाज. वळणावळणाच्या त्या उतारावर माझ्या येण्याची वर्दी पायथ्याच्या बुधवार पेठेत माझ्याआधी पोहोचत असे. रस्त्यातल्या म्हशी आपण होऊन बाजूला होत, एवढीच काय ती सोय.

नवे ब्रेक घ्यायचे ठरले आणि पाच हजारांची मर्यादा घरात एकमताने, म्हणजे सौभाग्यवतींच्या मताने, मंजूर झाली. यापुढचे काम दुकानात जाऊन पैसे मोजणे एवढेच आहे असे कोणालाही वाटेल. परंतु कोल्हापुरात कोणतीही वस्तू सल्ल्याशिवाय विकत घेता येत नाही, आणि सल्ला मागावा लागत नाही. शेजारच्या अण्णांनी त्यांच्या काळच्या काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक कसे जन्मभर टिकले, ते सांगितले. ती सायकल ते उभ्या आयुष्यात एकदाही घाटात घेऊन गेले नव्हते, हे त्यांनी ओघातच कबूल केले. तालमीतल्या एका मित्राला मुळात खर्चच मान्य नव्हता. "भावा, पायात कापशी हाय न्हवं? लाव की चाकाला," असे म्हणून त्याने डाव्या पायातली जाडजूड कोल्हापुरी वहाण पुढच्या टायरवर टेकवून कशी दाबायची, याचे उभ्याउभ्या प्रात्यक्षिकही दिले. ही पद्धत खेडोपाडी पोरे सर्रास वापरतात आणि तिला सुटे भाग लागत नाहीत हे खरे आहे. पण त्या वहाणेची आजची किंमत पाहता ब्रेकच स्वस्त पडतो.

सर्वांत थरारक सल्ला मात्र कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने दिला, कारण तो नुसता दिला नाही, अमलात आणायला घेतला. मी हवा भरून पैसे काढत असताना त्याने मागचा ब्रेक दाबून पाहिला, त्या किंकाळीने त्याच्या चेहऱ्यावर करुणा उमटली, आणि "लई वरडतंय की सायेब, जरा तेल सोडूया," असे म्हणत त्याने लांब चोचीची तेलदाणी डिस्कवर वाकवली. चोचीच्या टोकाशी काळपट थेंब लोंबू लागलेला मला स्पष्ट दिसला. मी त्याचे मनगट धरले. साखळीला तेल म्हणजे औषध आणि डिस्कला तेच तेल म्हणजे विष. पॅड ते शोषून घेतात, नंतर कितीही पुसले तरी पकड परत येत नाही आणि बहुधा नवे पॅडच बसवावे लागतात. एवढे मी त्याला समजावून सांगेपर्यंत तो थेंब माझ्या पॅंटवर पडला. तो डाग अजून आहे, पण पॅंटला ब्रेक लावायचा नसतो.

मग मी अभ्यासाला लागलो. तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक घ्यावा, यावर सगळ्या जाणकारांचे एकमत दिसले. त्यात दोन्ही पॅड दोन्ही बाजूंनी सारखे पुढे येतात, झिजतील तसे आपोआप जवळ सरकतात आणि लिव्हर दोन बोटांनी दाबला तरी पुरतो. शिमानो या जपानी कंपनीचा एमटी २०० हा या घराण्यातला गरीब पण होतकरू मुलगा, हेही कळले. पण ब्रेक स्वस्त असून भागत नाही, तो बसावा लागतो, आणि माझे खरे हाल इथून पुढे सुरू झाले. डिस्क चाकाच्या हबवर सहा बोल्टांनी बसते की सेंटरलॉकच्या खाचांवर? व्यास १६० मिलिमीटर की १८०? कॅलिपर सायकलवर बसवण्याच्या दोन पद्धतींपैकी जागा पोस्ट माउंटची की आयएसची? माझ्या सायकलने या शेवटच्या प्रश्नाला दोन्ही उत्तरे दिली. पुढच्या फोर्कवर पोस्ट माउंट होते, तिथे १६० च्या डिस्कसाठी कॅलिपर सरळ बसतो. मागे मात्र आयएस, म्हणजे मध्ये अॅडॉप्टर नावाचा दलाल आला. डिस्क, अॅडॉप्टर, बोल्ट हे सगळे वेगवेगळ्या किमतीला मिळते. पाच हजारांतल्या ब्रेकचा आकडा मी वहीत तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा तो पाचाच्या पुढे निघून गेला.

निदान जुन्या डिस्क तरी वाचतात का, हे पाहण्यासाठी मी पुढची डिस्क काढून उद्यमनगरात एका ओळखीच्या लेथवाल्याकडे नेली. शिमानोच्या डिस्कवर किमान जाडी १.५ मिलिमीटर असे कोरलेले असते आणि नवी डिस्क साधारण १.८ ची येते, एवढे ज्ञान मी बरोबर घेतले होते. त्याने हातातला बिडाचा तुकडा बाजूला ठेवला, बोटे चिंधीला पुसली आणि व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या काठापासून जरा आत, जिथे पॅड घासतात त्या पट्ट्यावर, हलक्या हाताने मिटवले. एकदा इथे, एकदा तिथे. "एक पूर्णांक सात," तो म्हणाला, "अजून लई जीव हाय." मी सुटकेचा श्वास टाकला, तोच त्याने भोके मोजायला घेतली. सहा भोके, ४४ मिलिमीटरच्या वर्तुळावर. त्याच्या डोळ्यांत चमक आली. "असल्या दहा काढून देतो सायेब. किती एमएमच्या पायजेत तेवढं सांगा, सांजच्याला घेऊन जावा." ऑइल इंजिनांपासून कास्टिंगपर्यंत सगळे बनवणाऱ्या या वसाहतीत एखादी गोष्ट विकत घ्यावी लागते हे मान्य करणे, हाच मुळी कमीपणा समजला जातो. मी कशीबशी डिस्क सोडवून आणली.

दुकानदाराचा सल्ला सर्वांत सोपा होता. त्याने माझी सायकल वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि नवी घेण्यास सुचवले. मी ब्रेकवर अडून राहिल्यावर माल पुण्याहून मागवावा लागेल, असे तो म्हणाला, आणि पुण्याचे नाव निघाल्यावर माझ्यातला कोल्हापूरकर क्षणभर जागा झाला. पण घाटात स्वाभिमानाने सायकल थांबत नाही. तेवढ्यात आणखी एक मेख निघाली. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तर कित्येक देशांत डाव्या. हायड्रॉलिक ब्रेक तेल भरून, नळी जोडूनच येतो. पुढच्यासाठी आखूड नळी, मागच्यासाठी लांब. म्हणजे चुकीची जोडी आली तर पुढच्या चाकाला डावा हात किंवा उजव्या हाताला मागचे चाक, आणि वर नळीचे भेंडोळे. "उजवा लिव्हर, आखूड नळी, पुढचा" हे मी त्याच्याकडून वहीत लिहून घेतले आणि खाली रेघ मारायला लावली.

हे सगळे चालू असताना बुलेटवाल्या मेहुण्याने तेलाचा प्रश्न परस्पर सोडवला होता. उद्या तेल कमी पडले तर त्याच्याकडे ब्रेक ऑइलची बाटली पडून आहे, दाजींनी काळजी करू नये. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल लागते, मोटारसायकलचे डॉट तेल घातले तर आतली रबरी सीले खराब होतात आणि सांडले तर रंगही जातो, हे मी त्याला सांगितले, तेव्हा "सायकलीचे फार लाड करता तुम्ही," एवढेच तो म्हणाला.

शेवटी मी निम्माच ब्रेक घेतला. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर ते पुढे घालावेत आणि मागच्या जुन्या कॅलिपरला फक्त नवे पॅड द्यावेत. त्यात अॅडॉप्टरही वाचला आणि डिस्कही. सौभाग्यवतींनी खोके उघडून पाहिले. "अहो, एकच आलाय. दुसरा परत पाठवलात की काय?" भौतिकशास्त्राने त्यांचे समाधान झाले नाही, उरलेल्या पैशांनी झाले. चाक बसायच्या आत भाच्याने लिव्हर दाबू नये म्हणून कॅलिपरमधला प्लास्टिकचा तुकडा मी शेवटपर्यंत काढला नाही, कारण डिस्क मध्ये नसताना लिव्हर दाबला की पॅड ढकलणारे पिस्टन पुढे येऊन बसतात आणि मग त्यांना मागे ढकलण्यात संध्याकाळ जाते.

नवे पॅड लगेच नीट धरत नाहीत. मध्यम वेगाने जायचे, सावकाश ब्रेक दाबून वेग उतरवायचा, पण पूर्ण थांबायचे नाही, आणि हे वीसेक वेळा करायचे, म्हणजे डिस्कवर पॅडचा पातळ थर बसतो. आमच्या गल्लीत मी ते सुरू केले. जोरात जायचो, मरगळायचो, पुन्हा जोरात जायचो. अण्णा गॅलरीतून पाहत होते. त्यांनी काही विचारले नाही, फक्त आतून काकूंना बोलावून घेतले. तेवढ्यात गल्लीतले तांबडे कुत्रे उठले आणि वेगात जाणारी सायकल दिसल्याबरोबर भुंकत मागे लागले. घाबरून मी पुढचा ब्रेक जरा जास्तच दाबला. सायकल जागच्या जागी उभी राहिली, आवाजाविना. कुत्रे मात्र माझ्या शेजारून सुसाट पुढे गेले, बऱ्याच अंतरावर चारही पायांवर घसरत थांबले आणि वळून माझ्याकडे पाहू लागले. अण्णा वरून ओरडले, "त्याचे ब्रेक जुनेच हायेत वाटतं!"