‘बापाची तक्रार आरटीओत?’ त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. म्हाताऱ्या वडिलांना गाडी झेपेनाशी झाली म्हणून आरटीओला कळवणं हा कृतघ्नपणा, लायसन्सची मुदत आहे तोवर कायदाही काही करू शकत नाही, तेव्हा गुपचूप किल्ली लपवा, असं त्याचं म्हणणं. खाली हात जोडलेल्यांची रांग.

‘मुदत आहे तोवर काही होत नाही’ ही सरळ थाप आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १६ वाचा. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे माणूस गाडी चालवायला योग्य राहिलेला नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी कधीही वैद्यकीय दाखला मागू शकतो, लायसन्स रद्दही करू शकतो. कारण मात्र हवं. ‘वय ८० झालं’ हे कारण नव्हे. सिग्नल तोडल्याच्या तारखा, नेत्रतज्ज्ञाचा रिपोर्ट, डाव्या दारावर दर महिन्याला नव्याने उमटणारा पार्किंगच्या खांबाचा पिवळा रंग, असं काहीतरी लेखी द्या.

‘लायसन्सच्या वैद्यकीय फॉर्मवर डॉक्टरांनी सही केलीय की!’ केली असेल. पण पंचावन्नीनंतर नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं. ७४ व्या वर्षीची सही ७९ पर्यंत डोळ्यांची हमी देत नाही. शिवाय त्या फॉर्ममध्ये नंबर प्लेट वाचायची ती २५ मीटरवरून आणि चांगल्या उजेडात. मोतीबिंदू असलेल्याला खरा त्रास होतो तो रात्री, समोरून कुणी हेडलाइटचा अप्पर मारत आला की.

‘पन्नास वर्षांत एक ओरखडा नाही.’ मान्य, मोठी गोष्ट आहे. पण काचबिंदू बाजूची नजर इतकी हळूहळू खातो की ज्याची जाते त्यालाच कळत नाही. जुना अनुभव तिथे काय कामाचा?

किल्ली लपवण्याबद्दल काय बोलायचं! दुसरी किल्ली कपाटात असते आणि खाली स्कूटर असतेच.

राहिला कृतघ्नपणा. आरटीओला अर्ज देणं म्हणजे वडिलांवर पोलीस केस नव्हे. तपासणीत ते योग्य ठरले तर प्रश्नच मिटला. लायसन्स रद्द केलं तर कारणं लेखी द्यावी लागतात आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. घरातल्या आरडाओरड्यात वडिलांना अपील कुठे असतं? त्यांच्याशी आधी बोला, फॅमिली डॉक्टरांना बोलायला लावा, हे मीही म्हणेन. ते फुकट गेलं तरच अर्ज.

त्या मजकुरात एकच वाक्य खरं आहे: गाडी सुटली की माणूस खचतो. म्हणून अर्जाआधी घरात ठरवा, बँकेत कोण नेणार, गुरुवारी मठात कोण सोडणार, आणि तासावर येणाऱ्या ड्रायव्हरचे पैसे कुणी द्यायचे.