२८ गुणांचे सासरे, १९ गुणांची आई : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेतला राग मला समजतो. स्मृतिभ्रंशाच्या (डिमेन्शियाच्या) चाचणीत सासऱ्यांना ३० पैकी २८ गुण मिळाले म्हणून ‘वयोमानाने होतं असं’ सांगून घरी पाठवलं आणि पुढे दुसरीकडे निदान झालं ते फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि कडेच्या भागांपासून सुरू होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचं. उलट चौथी शिकलेल्या तुमच्या आईला १९ गुण पडले आणि लगेच अल्झायमरचा शिक्का बसला. ‘या चाचण्या म्हणजे धूळफेक आणि तुम्ही त्यांची भलामण करता,’ असं तुम्ही लिहिलंत. दोन्ही वेळा झालं ते चूकच. तरीही चाचण्याच मोडीत काढा, हे मला मान्य नाही. दोन्ही वेळा फक्त बेरीज वाचली गेली, उत्तरं कुणी वाचली नाहीत.

तुमच्या वर्णनावरून ती चाचणी एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) असावी. फोलस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली आणलेल्या या चाचणीत वार-तारीख-ठिकाणाला १० गुण, मग तीन शब्द लक्षात ठेवणं, १०० मधून सात-सात वजा करणं, एक वाक्य लिहिणं, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढणं. स्वभावाबद्दल, संयमाबद्दल त्यात एकही प्रश्न नाही. फ्रंटोटेम्पोरलच्या एका मोठ्या प्रकारात सुरुवात तिथूनच होते : घरात कुणी रडत असलं तरी काही न वाटणं, गोड खात सुटणं, चारचौघांत नको ते बोलणं. वार-तारीख मात्र बिनचूक सांगतात. म्हणजे २८ गुण खरेच होते, पण ‘आजार नाही’ हा अर्थ त्यांतून निघत नव्हता. इथे खरी माहिती तुमच्याकडे होती, सासूबाईंकडे होती. ती कुणी विचारलीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आई. २४ च्या खाली गुण आले की संशय घ्यायचा, हा ढोबळ आकडा शाळा शिकलेल्या माणसांना धरून आहे. ज्या बाईने कित्येक वर्षांत पेन्सिल धरली नाही, तिने पंचकोन कसे काढावेत? हरयाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत गांगुली आणि सहकाऱ्यांना हाच प्रश्न पडला, म्हणून १९९५ च्या सुमारास हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली. तिथे ‘डोळे मिटा’ असं वाचायला देत नाहीत. माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा, असं सांगून डोळे मिटून दाखवतात. वाक्य लिहायला लावत नाहीत, घराबद्दल काहीतरी सांगायला लावतात.

स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराचा अंदाज येतो तो गुण कुठे गेले यावरून, आणि तोही अंदाजच. अल्झायमरमध्ये थोड्या वेळाने विचारलेले तीन शब्द जातात आणि सूचक खूण देऊनही बहुधा परत येत नाहीत. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकारात खुणेने बऱ्याचदा आठवतं, पण विचारांचा वेग आणि आखणी मंदावलेली असते. लेवी बॉडी नावाच्या प्रकारात आठवण बरी असतानाच आकृत्या बिघडतात. एक दिवस लख्ख, दुसरा दिवस धूसर, आणि खोलीत नसलेली माणसं दिसतात. हा प्रकार ओळखणं जिवाचा प्रश्न आहे, कारण भास थांबवायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर या रुग्णांना गंभीर अपाय होऊ शकतो.

तेव्हा आईच्या चाचणीचा कागद मागून घ्या आणि गेलेले ११ गुण कुठले ते बघा. लिहिण्या-वाचण्या-वजाबाकीतलेच बरेच असतील तर शिक्का बसवायची घाई झाली आहे. चाचणीच्या वेळी चष्मा होता का, प्रश्न नीट ऐकू येत होते का, हे आठवून बघा. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं नसेल तर तपासा. नैराश्याबद्दलही डॉक्टरांना स्पष्ट विचारा, तेही विसराळूपणासारखं दिसतं. स्वयंपाक, पैशांचा हिशोब, स्वतःच्या गोळ्या हे आई दोन वर्षांपूर्वी कसं करायची आणि आता कसं करते, ते एका कागदावर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हातात द्या. चाचणी पुन्हा करायची तर अनपढांसाठी बेतलेली, आणि मराठीतून बोलणाऱ्या माणसाकडून.