ऊसवाल्याचा बिनसाखरेचा चहा

आमच्या घरात साखर विकत आणत नाहीत, ती येते. दिवाळीच्या तोंडावर कारखान्याची सभासदांची साखर सुटली की कुणीतरी कार्ड घेऊन जातं आणि सवलतीच्या दराचं पोतं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात येऊन बसतं, घरातल्या थोरल्या माणसासारखं. आजोबांनी शेअर घेतला, वडिलांनी विहीर पाडली, विहिरीवर ऊस झाला आणि उसाच्या बिलावर मी बी. कॉम. झालो. अशा घरातल्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, "साखर बंद करा."

रिपोर्टात एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा आकडा, ६.२ होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे बांधावर उभं राहणं, ६.५ ला पाय पलीकडच्या, मधुमेहाच्या रानात. मी म्हटलं, "आदल्या दिवशी बारशाला जिलेबी झाली होती, त्याचा परिणाम असेल." डॉक्टर म्हणाले, "ही तपासणी आदल्या दिवसाची नसते, गेल्या दोन-तीन महिन्यांची असते." तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांच्या गोडाचा हिशेब अंगावर वागवतात म्हणे. तपासणीआधी दोन दिवस गोड बंद ठेवायची माझी जुनी युक्ती तिथंच बाद झाली.

"सुरुवात चहापासून करा," डॉक्टर म्हणाले. घरी येताना एसटीत हिशेब केला. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, चमचा चार ग्रॅमचा. वर्षाला साडेचौदा किलो. शंभर किलो उसाला साडेअकरा किलो साखर असा उतारा धरला तर सव्वाशे किलो ऊस! एवढा ऊस मी दरसाल, एकही पाचट न सोलता, नुसता कपातून पीत होतो.

संध्याकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं. हे चुकलं. निश्चय जाहीर केला की तो आपला राहत नाही, भावकीचा होतो. तात्या, म्हणजे माझे चुलते, चहा ढवळत बसले होते. तात्या एका टर्मला कारखान्याचे संचालक होते आणि चहा फार वेळ ढवळतात. चमचा न थांबवता म्हणाले, "आरं, ऊसवाल्यानंच साखर सोडली तर कारखान्यानं काय भुस्सा गाळायचा?" सगळे हसले. तात्यांनी बशीत ओतून फुर्रकन चहा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला बिनसाखरेचा घोट घेतला आणि कळलं, की चाळीस वर्षं मी चहा प्यालोच नव्हतो. गरम पाक पीत होतो. चहा नावाची वस्तू तुरट असते, ती जिभेवरून जात नाही, जिभेवर बसते. बायको समोरच उभी होती. "अहो, चहाच आहे तो. काढा प्यायल्यागत काय करताय?"

तिसऱ्या दिवशी पळवाट सापडली. साखर सोडली आहे, गूळ कुठं सोडलाय? डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "गूळ काय कडुलिंबाला लागतो का?"

खरी परीक्षा मात्र टपरीवर. तिथं साखर पातेल्यातच पडलेली असते, त्यामुळे बिनसाखरेचा चहा म्हणजे स्वतंत्र भांडं, स्वतंत्र गॅस आणि स्वतंत्र कटकट. पोरगं मोठ्यानं ओरडलं, "एक बिनसाखर!" सहा माना वळल्या. "किती आहे?" पहिल्यानं विचारलं. म्हटलं, "नाही हो, अजून झालेली नाही." "असंच म्हणतात सगळे," दुसरा म्हणाला. पुढच्या दहा मिनिटांत मेथ्या, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि कुठल्याशा गावचा वैद्य एवढं पदरात पडलं. चहा तेवढा निवला.

पुतणी म्हणाली, "काका, एकवीस दिवस काढा, सवय लागते." तिनंच मग मोबाईलमध्ये बघून स्वतःला खोडलं. हा एकवीसचा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनवरून आला. नव्या नाकाची सवय व्हायला पेशंटला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यानं १९६० साली लिहिलं होतं. पुढं लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांवर मोजमाप केलं, तर सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८, कुणाला २५४. २५४ ऐकून पुतणी हळहळली. मी नाही. आडसाली ऊस लावून सोळा-सतरा महिने वाट बघणारी आमची जात, आम्हाला २५४ दिवस म्हणजे किस झाड की पत्ती.

नवव्या रात्री उठलो.

साडेअकरा वाजले होते. पोत्याची शिवण एका कोपऱ्यात उसवलेली असते, हे मला कसं ठाऊक होतं ते विचारू नका. दोन बोटं आत घातली, मग चार, मग मूठ. अंधारात साखर खाताना दाताखाली होणारा आवाज सगळ्या वाड्याला ऐकू जातोय असं वाटतं. वाडा झोपलेलाच राहिला. दगा दिला तो मुंग्यांनी. सकाळी पोत्यापासून माझ्या उशीपर्यंत अशी सरळ, शिस्तीची रांग लागली होती, की तलाठ्यालाही मोजणी करता आली असती.

बायको काही बोलली नाही. नुसतं रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "निश्चय कमी पडला." ती म्हणाली, "तो होताच कधी? पोतं होतं. ते उचला आणि तात्यांकडे नेऊन टाका. पाहुण्यांपुरती साखर मी काकूंकडून वाटीनं आणीन."

वाटीनं साखर आणणं म्हणजे काय, हे पोतंवाल्या घराला कळायला वेळ लागला. पण रात्री साडेअकराला, चपला घालून, कुत्र्यांच्या तोंडासमोरून जाऊन, चुलत्याच्या घराची कडी वाजवून मूठभर साखर मागण्याइतका मी धीट नाही. भित्रेपणावर माझे सत्तर दिवस निघाले. एकाहत्तराव्या दिवशी बायकोनं पाहुणे आलेत म्हणून वाटी हातात दिली आणि मला पिटाळलं.

पोतं तात्यांच्या सोप्यात होतं. मी ठेवलं होतं तिथंच, तसंच.

"काकू, तुम्ही यातली काढलीच नाही?"

"आमच्यात कुणाला लागतीय?" काकू आतून म्हणाल्या. "मी गुळाची. आणि ह्यांचा तर सात वरसं बिनसाखरेचा."

तात्या दारात कप घेऊन ढवळत उभे होते. चमचा थांबला. त्यांनी एकदा कपात बघितलं, एकदा रस्त्याकडे, आणि मला खांद्याला धरून आत ओढलं.

"भाईर बोलू नगंस," तात्या म्हणाले. "फुडल्या साली कारखान्याचं इलेक्शन हाय."