पिल्लं सोडली, पुढे?

मार्च आला की मोबाइलवर दोन प्रकारचे निरोप धडाधड येऊ लागतात. कासवाची इवलीशी पिल्लं लाटेकडे धडपडत निघाल्याचे व्हिडिओ, आणि त्यांच्या मागोमाग '३१ मार्चच्या आत देणगी द्या, ८०जीची पावती मिळेल'. (नव्या करप्रणालीत गेलेल्यांना त्या पावतीवर करसवलत मिळत नाही. तरी द्या.)

मला वन्यजीव संस्थांचे वार्षिक अहवाल वाचायची खोड आहे. कोकणातल्या कासवांच्या कामाचा कुठलाही अहवाल उघडा, पहिल्याच पानावर ठळक आकडा असतो: यंदा इतकी हजार पिल्लं समुद्रात सोडली. त्या आकड्यामागे प्रचंड मेहनत असते, त्याबद्दल वाद नाही. पण तो मेहनतीचा आकडा आहे, परिणामाचा नव्हे, आणि देणगीदार म्हणून आपण हा फरक कधी विचारतच नाही.

कोकणात येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ५५ दिवस लागतात. त्यातलं हजारात एखादं मोठं होतं असं मानतात, आणि मोठं होऊन अंडी घालायला परत यायला दहा-पंधरा वर्षं जातात. म्हणजे आज सोडलेल्या पिल्लांचा निकाल २०४० च्या आसपास लागणार. त्यात आपलं आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला, आणि फेब्रुवारीअखेर घातलेली अंडी तेव्हा अजून वाळूतच असतात. हिशेब बंद, घरटं चालू.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचं उदाहरण घ्या. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्री गरुडाच्या घरट्यांसाठी त्या किनाऱ्यावर फिरत होती, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. त्या काळी अंडी माणसं पळवायची; उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या वाट्याला. संस्थेने गावातल्याच लोकांना हाताशी धरलं, कुंपण घातलेली हॅचरी, म्हणजे अंडी आणून सुरक्षित उबवायची जागा, केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू केला. पर्यटक गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, घरच्या बायांच्या हाताला पैसा येऊ लागला आणि अंड्यांची राखण हा गावाचाच व्यवहार झाला. आता हे काम वनखातं, कांदळवन कक्ष आणि गावोगावचे कासवमित्र करतात. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वात मोठा परिणाम हाच: संस्थेवाचून काम चालू राहिलं. पण 'यंदा आम्ही या गावात लागलो नाही' असं वाक्य अहवालात छापून देणगी कोण मागणार?

दुसरी गोष्ट घरट्यांच्या संख्येची. गेल्या काही वर्षांत ती वाढल्याच्या बातम्या येतात, आनंदच आहे. पण पूर्वी मोजक्या किनाऱ्यांवर माणूस होता. आता रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कितीतरी किनाऱ्यांवर कोणीतरी पहाटे चालतं. जिथे बघणारा आला तिथे घरटी 'वाढली'. कासवं किती वाढली आणि चालणारे किती वाढले, हे वेगळं काढून दाखवणारा अहवाल मला हवाय. शिवाय अंडी किती, उबली किती, कुजली किती. वाळू तापली की माद्याच जास्त जन्मतात, तेव्हा हॅचरीवर सावली होती का, वाळूचं तापमान कोणी टिपलं का? असला तक्ता कंटाळवाणा दिसतो, पण कामाचा तोच.

आणि चालणारा माणूस फुकट चालत नाही. हंगामभर अंधारात उठून किनारा धुंडाळायचा, माग दिसला की अंडी नीट हलवायची, मग दीड महिना हॅचरीतल्या घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या सकाळ-संध्याकाळ उचलून बघायच्या. कंपन्यांच्या सीएसआर निधीतून कुंपण येतं, फलक येतो, टी-शर्ट येतात. माणसाचं मानधन म्हटलं की प्रश्न सुरू. परदेशी देणगी असेल तर २०२० पासून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा. देणगीदारही 'पगारावर किती जातात हो?' असं विचारतो, जणू पगार म्हणजे गळती. अहो, इथे पगार म्हणजेच काम.

काही कामं तर फोटोतही मावत नाहीत. वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवर पाकोळ्या लाळेची घरटी करतात आणि तस्करांचा त्यांवर डोळा. तिथे पहारा ठेवायचा आणि वर्षअखेर काय लिहायचं? काही घडलं नाही. ते न घडणंच विकत घेतलेलं असतं. गिधाडांचंही तसंच. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने त्यांची दैना केल्यावर जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली, तरी इतक्या वर्षांनंतरही अहवालातला आकडा एक-दोन पिल्लांचाच असतो. त्याला हजारो कासवांच्या पिल्लांशेजारी ठेवून कोणता प्रकल्प 'यशस्वी' म्हणणार?

थांबून बघितलं की मिळतं. २०२१ मध्ये ओडिशात पायाला धातूची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी, या समजाला तिने धक्का दिला. कोणाच्याही एका वर्षाच्या उद्दिष्टात हे बसलं नसतं.

आता माझी मागणी. हजारात एक जगतं, तर जाळ्यात अडकलेली एक मोठी मादी सोडवणं हे हजार पिल्लं सोडण्याइतकं झालं. राज्यात २०१८ पासून योजना आहे: संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, अर्ज करायचा. भर समुद्रात, जाळं ओढताना, ओल्या हातांनी मोबाइल धरून हे करणाऱ्या खलाशाला परतल्यावर अर्ज भरून द्यायला बंदरावर कोणीतरी नको का? त्या माणसाचा पगार कुठल्या संस्थेच्या जमाखर्चात दिसला तर कमेंटमध्ये नाव टाका. यंदाचे माझे पैसे तिकडे.